मुलांचें अंथरूण

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपणां सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. खरी भूक लागली म्हणजे कोंड्याची भाकरीहि गोड लागते, आणि खरी झोंप आली म्हणजे दगडाच्या उशीवरहि डोळा लागतो, असा तिचा अर्थ. आषाढ-श्रावणांत धानाच्या बांध्यांतून दिवसभर वांकून रोवणी करणारीं माणसें आमच्या सडक अर्जुनीच्या परिसरांत मीं आयुष्यभर पाहिलीं आहेत. त्यांच्या बाबतींत ही म्हण अक्षरशः खरी आहे. परंतु ज्यानें ती प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढें श्रमलेला प्रौढ मनुष्य असला पाहिजे. चार वर्षांचें मूल नव्हे.

मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याचा देह थकलेला असतो, पण मन जागें असतें. दिवा मालवला कीं त्याला अंधाराची भीति वाटते, आई उठून गेली कीं तें दचकतें, आणि झोंप डोळ्यांवर येऊनहि तें तिच्याशीं झगडत राहतें. अशा मुलाला धोंड्यावर टाकलें तर तें अखेर निजेलच; परंतु निजण्यापूर्वींचा तास रडण्यांत जाईल, आणि तो तास त्याच्या वाट्याच्या झोंपेंतून वजा होईल. म्हणून मुलाचें अंथरूण कसें असावें, त्याला ऊब कशी आणावी, आणि हीच ऊब कोणत्या वयांत व कोणत्या ठिकाणीं घातक ठरूं शकते, या साध्या घरगुती विषयावर आज चार शब्द बोलावे असें मीं योजलें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. मुलांना झोंप किती लागते, याचें मान तज्ज्ञांनीं ठरविलेलें आहे. २०१६ सालीं अमेरिकेंतील निद्राशास्त्रज्ञांच्या मंडळानें तें प्रसिद्ध केलें. तीन ते पांच वर्षांच्या मुलास चोवीस तासांत १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास ८ ते १० तास झोंप मिळाली पाहिजे, असें तें मान आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेंहि २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं जवळजवळ हेंच प्रमाण सांगितलें. आतां जें मूल सकाळीं सहा वाजतां उठून शाळेच्या गाडीची वाट पाहतें, त्याला दहा तास झोंप हवी असेल तर रात्रीं आठ वाजतां तें निजलेलें असावयास हवें. आपल्या शहरांतील किती घरांत आठ वाजतां दिवे मंद होतात, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या घरापुरतें द्यावें.

ही उणीव सरकारच्याहि लक्षांत आली. डिसेंबर २०२३ मध्यें तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनीं मुलांची झोंप पुरी होत नाहीं म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्या, अशी सूचना जाहीरपणें केली. पुढें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं महाराष्ट्र शासनानें निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ वाजण्यापूर्वीं भरवूं नयेत असें ठरविलें. मी शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेला मनुष्य आहें. दुसऱ्या तासाला फळ्याकडे पाहतां पाहतां ज्याची मान कलते, त्या मुलाला गणित येत नाहीं असें नसतें. त्याचें कालचें निजणें अपुरें राहिलेलें असतें. शिकलेलें मनांत पक्कें होण्याचें पुष्कळसें काम झोंपेंत चालतें, आणि शरीराची वाढ घडविणारें संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोंपेंत सर्वाधिक स्रवतें, हें आतां शास्त्रानें सिद्ध केलें आहे. शासनाचा निर्णय चांगला आहे. परंतु घंटा उशिरां झाली म्हणून घरांतलें निजणेंहि तितकेंच उशिरां होऊं लागलें, तर मुलाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. सकाळचें टोंक शासनानें धरलें, तर रात्रीचें टोंक आपण धरिलें पाहिजे. तें टोंक म्हणजे मुलाचें अंथरूण.

ऊब म्हणजे काय, हें थोडें समजून घेऊं. ऊब कापडांत नसते. कापडाच्या थरांत अडकून राहिलेल्या हवेंत असते. आपल्याच अंगाची उष्णता ती हवा बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून एका जाड चादरीपेक्षां दोन पातळ चादरी अधिक ऊब देतात. जुन्या मऊ लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून बारीक टांक्यांनीं शिवलेली गोधडी याच नियमानें उबदार होते. तो नियम आपल्या आज्यांनीं कोणत्याहि पुस्तकांत वाचला नव्हता. त्यांच्या बोटांना तो ठाऊक होता. गादींतला कापूस वर्षानुवर्षें दबून राहिला कीं त्यांतली हवा निघून जाते आणि गादी दगडासारखी थंड व टणक होते. पूर्वीं दिवाळीच्या सुमारास पिंजारी दारीं येई, त्याच्या धनुकलीचा नाद आळींत घुमे, आणि मेलेला कापूस पुन्हा फुलून येई. ज्यांच्या घरीं कापसाची गादी आहे, त्यांनीं ती अधूनमधून पिंजून घ्यावी, आणि आठवड्यांतून एकदां तरी उन्हांत टाकावी. उन्हानें ओल जाते, कुबट वास जातो. आणि उन्हांत तापलेली गादी संध्याकाळीं अंथरली म्हणजे मूल बोलावल्यावांचून तिच्यावर येऊन लोळूं लागतें.

आतां एक गोष्ट वरवर उलटी वाटेल. झोंप येण्यासाठीं शरीराचें आंतील तापमान किंचित् खालीं यावें लागतें. तें खालीं येतें कसें? तर हातापायांच्या त्वचेंतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आंतली उष्णता तळहात-तळपायांवाटे बाहेर पडते. स्वित्झर्लंडांतील बाझल येथील संशोधकांनीं १९९९ सालीं असें दाखवून दिलें कीं, ज्यांचे हातपाय उबदार झालेले असतात, त्यांना झोंप लवकर लागते. आपल्याकडे निजण्यापूर्वीं मुलाचे पाय कोमट पाण्यानें धुवून, कोरडे करून, तेल लावून काशाच्या वाटीनें तळवे चोळण्याची रीत आहे. ही रीत आजीच्या मायेचा भाग म्हणून आपण तिच्याकडे पाहत आलों. ती शरीरधर्माला धरूनहि आहे. थंडीच्या दिवसांत पाय गरम ठेवावे, पण डोकें व तोंड मोकळें असावें, हें सूत्र त्यांतूनच निघतें. मुलाला गरम होतें कीं काय हें पाहण्यासाठीं त्याच्या हाताला स्पर्श करूं नये. मानेच्या मागें हात लावावा. तेथें घाम असेल तर एक पांघरूण काढून घ्यावें. अतिशय तापलेल्या अंथरुणांत मूल तळमळतें, आणि आपण समजतों कीं तें हट्ट करीत आहे. आजकाल बाजारांत मिळणारीं कृत्रिम धाग्यांचीं गुबगुबीत पांघरुणें दिसण्यांत मोहक असतात, परंतु घाम टिपून घेत नाहींत. अंगालगत सुती कापड असावें व त्यावर लागेल तेवढें लोंकरीचें अगर दुसरें पांघरूण असावें, हें उत्तम.

परंतु श्रोतेहो, मुलाच्या अंथरुणाची ऊब केवळ उष्णतेची नसते. १९५८ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनीं माकडाच्या पिलांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आईपासून तोडलेल्या पिलांपुढें त्यांनीं दोन खोट्या माता ठेवल्या. एक उघड्या तारेची, पण दूध देणारी, आणि दुसरी मऊ कापडानें मढविलेली, पण दूध न देणारी. पिलें दुधापुरतीं तारेच्या मातेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहत. तो प्रयोग क्रूर होता, असें आज पुष्कळ लोक म्हणतात आणि तें खरेंहि आहे. पण त्यानें एक गोष्ट निर्विवाद दाखविली. बालजीवाला अन्नाइतकीच मऊ स्पर्शाची भूक असते.

स्पर्शासारखीच वासाची गोष्ट. ऑक्सफर्ड येथें एडन मॅकफार्लेन यांनीं १९७५ सालीं दाखविलें कीं, अवघ्या कांहीं दिवसांचें तान्हें मूल आपल्या आईच्या दुधाचा वास लागलेल्या कापडाकडे तोंड वळवितें. परक्या स्त्रीच्या कापडाकडे तितकें वळवीत नाहीं. आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनल्ड विनिकॉट यांनीं १९५१ सालीं वाचलेल्या एका निबंधांत मुलें ज्या चिंधीला, चादरीच्या कोपऱ्याला किंवा बाहुलीला धरून निजतात, तिचा मोठा मार्मिक विचार केला आहे. ती वस्तु म्हणजे आई नव्हे हें मुलाला कळतें. तरी आई जवळ नसतांना तिचा आधार घेऊन तें एकटें राहावयास शिकतें. कित्येक घरांत अशी चिंधी मळकट दिसते म्हणून टाकून देतात, आणि मग मूल तीन रात्री कां रडतें याचें नवल करतात. ती धुवावी, फाटली तर शिवावी. पण हिरावून घेऊं नये. आईच्या किंवा आजीच्या वापरलेल्या लुगड्याची गोधडी मुलाला आवडते ती यासाठींच. तिच्यांत मऊपणा असतो, बेताचें वजन असतें, आणि ओळखीचा वास असतो. नवी कोरी रजई दुकानांतून आणतां येते. हा वास आणतां येत नाहीं.

आपल्या भाषेंत ‘कूस’ हा शब्द किती अर्थांनीं येतो पाहा. मूल आईच्या कुशींत जन्म घेतें, रडलें तर आई त्याला कुशींत घेते, आणि झोंपेंत आपण कूस बदलतों. जन्म, माया आणि निद्रा या तिन्ही ठिकाणीं भाषेनें एकच शब्द वापरला आहे. चांगलें अंथरूण म्हणजे आई उठून गेल्यावरहि मुलाजवळ मागें राहिलेली कूस, असें मी समजतों.

आतां आमच्या मुलखाकडे वळतों. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा निराळा झाला. सडक अर्जुनी हें त्या जिल्ह्यांतील, मुंबई-कोलकाता महामार्गावरचें तालुक्याचें गांव. एकीकडे नवेगांवबांधचें अरण्य, दुसरीकडे नागझिऱ्याचें. मध्यें धानाचीं शेतें, तळीं आणि गांवें. पौष-माघांत येथें पहाटे पारा पुष्कळदां दहा अंशांच्या खालीं जातो. धानाची मळणी झाली म्हणजे तणसाचे ढीग खळ्यावर पडतात, आणि गरिबाच्या घरीं तणसाचा थर, त्यावर चटई व चटईवर गोधडी, असें मुलांचें अंथरूण होतें. ऊब म्हणाल तर त्याची बरोबरी कोणतीहि महाग गादी करणार नाहीं, कारण पोकळ काड्यांत हवाच हवा असते. पण तणसांत धानाचे चुकार दाणे असतात, दाण्यांना उंदीर येतात, आणि उंदरांमागें साप येतो. येथें आपला विषय नुसत्या सुखाचा राहत नाहीं. तो जीवनमरणाचा होतो.

मण्यार हा आपल्या देशांतील चार प्रमुख विषारी सापांपैकीं एक. नाग, घोणस आणि फुरसें हे दुसरे तीन. मण्यार रात्रीं हिंडतो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला त्याचा दंश झोंपेंतच होतो. त्याच्या दंशानें फारशी सूज येत नाहीं, वेदनाहि फारशी होत नाहीं. कित्येकदां दांतांची खूणसुद्धां सांपडत नाहीं. मूल मध्यरात्रीं उठून पोट दुखतें म्हणून रडतें, ओकतें, मग त्याच्या पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, आणि शेवटीं श्वास मंदावतो. घरचीं माणसें बाधलें असेल म्हणून ओंवा देत बसतात, किंवा मांत्रिकाकडे धांवतात, आणि मोलाचा वेळ निघून जातो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत दरवर्षीं सरासरी अठ्ठावन्न हजार माणसें सर्पदंशानें मेलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत दिला आहे. त्यांतील बहुतेक मरणें खेड्यांतलीं. पावसाळ्यांत जमिनीवर निजलेलें मूल पहाटे अशा रीतीनें आजारी पडलें आणि पापण्या मिटूं लागल्या, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयांत न्यावें. प्रतिविष तेथें मिळतें, आणि श्वास थांबूं लागला तर यंत्रानें चालू ठेवण्याची सोयहि तेथेंच असते.

यावरचा उपाय मात्र विलक्षण सोपा आहे. मूल जमिनीवर निजवूं नये, खाटेवर निजवावें. खाट भिंतीपासून वीतभर दूर असावी आणि गोधडीचें टोंक जमिनीला लागूं देऊं नये. खाटेखालीं धान्याचीं पोतीं, तणस किंवा सरपण ठेवूं नये. आणि खाटेवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखालीं चोहोंकडून खोंचाव्या. नेपाळच्या आग्नेय सखल भागांत झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, मच्छरदाणींत निजणाऱ्यांना सर्पदंशाचें भय पुष्कळच कमी असतें. जी मच्छरदाणी आपण डांसांसाठीं लावतों, ती सापालाहि आडवी येते. डांसांचें तर विचारूंच नका. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांमुळें हिवतापाच्या प्रदेशांत बालमृत्यु सुमारें १७ टक्क्यांनीं घटतात, असें अनेक देशांतील प्रयोगांवरून दिसून आलें आहे. शिवाय मच्छरदाणीचा आणखी एक गुण मुलांनाच ठाऊक असतो. तिच्या आंत शिरलें कीं त्यांना आपलें स्वतंत्र घर झाल्यासारखें वाटतें. भिंती दूर जातात, अंधार बाहेर राहतो, आणि गोष्ट ऐकावयास याहून चांगली जागा नाहीं. शहरांतील श्रोत्यांनीं हें केवळ खेड्यांपुरतें समजूं नये. पावसाळ्यांत तळमजल्यावर, नव्या वसाहतींत, रानाला लागून असलेल्या बंगल्यांत हें भय आहेच. आणि डांसांना शहर व खेडें असा भेद मुळींच ठाऊक नाहीं.

येथवर जें सांगितलें तें एक वर्षावरील मुलांविषयीं. एक वर्षाखालील तान्ह्या मुलाच्या बाबतींत मात्र नियम निराळे आहेत, आणि ते सुशिक्षित घरांतूनहि पाळले जात नाहींत, म्हणून कृपा करून लक्ष द्यावें. तान्ह्या मुलाभोंवतीं मऊ उशा, लोड, गुबगुबीत रजया आणि खेळणीं रचून ठेवण्याची हौस मोठी असते. ती टाकून दिली पाहिजे. त्या वयांत तोंडावर आलेलें पांघरूण बाजूला सारण्याची शक्ति मुलाला नसते. इंग्लंडांत १९९१ सालीं आणि अमेरिकेंत १९९४ सालीं मोठी मोहीम काढून मातापित्यांना सांगण्यांत आलें कीं, तान्हें मूल पालथें निजवूं नका, पाठीवर निजवा. पुढील कांहीं वर्षांत झोंपेंत अकस्मात् होणारे बालमृत्यु त्या देशांत निम्म्याहून अधिक घटले. औषध नाहीं, यंत्र नाहीं. केवळ निजविण्याची रीत बदलली. म्हणून तान्ह्या मुलास पाठीवर निजवावें. गादी सपाट व जरा टणक असावी. उशी मुळींच नको. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे रूढि आहे, तिचीहि गरज नाहीं. मूल जागें असतांना आपल्या देखत त्याला थोडा वेळ पोटावर खेळूं द्यावें, म्हणजे डोकें आपोआप गोल राहतें. दुपट्यांत गुंडाळावयाचें तर छातीशीं व पायांशीं सैल असावें, आणि मूल कुशीवर वळूं लागलें कीं गुंडाळणें बंद करावें. मूल आईच्याच खोलींत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतंत्र पाळण्यांत किंवा बिछान्यांत निजावें, हें सर्वांत निर्धोक. ज्या घरीं एकच बिछाना आहे तेथें निदान मुलाला दोन मोठ्या माणसांच्या मध्यें घेऊं नये, मोठ्यांचें जाड पांघरूण त्याच्यावर ओढूं नये, आणि दारू घेतलेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाशेजारीं त्याला कधींहि निजवूं नये.

मग तान्ह्याला ऊब द्यावयाची कशी? याचें उत्तर आमच्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यानें जगाला दिलें आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था तेथें स्थापन केली. घरीं जन्मलेल्या नवजात बालकांपैकीं कितीतरी केवळ गारठ्यानें व जंतुदोषानें दगावतात, हें पाहून त्यांनीं गांवांतल्याच स्त्रियांना शिक्षण देऊन आरोग्यदूत बनविलें. वजन कसें करावें, श्वास कसे मोजावे, आणि अंग थंड पडलेल्या बालकाला ऊब कशी द्यावी, हें त्या शिकल्या. त्यांच्या साहित्यांत बालकासाठीं शिवलेली एक उबदार पिशवीहि असे. मूल तींत ठेवलें कीं अंग झांकलेलें, तोंड मोकळें, आणि पांघरूण सरकून तोंडावर येण्याचें भय नाहीं. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें दाखविलें कीं, या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटले. २०११ सालापासून भारत सरकारनें ही घरगुती नवजात-सेवा आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली. त्याहून साधा उपाय प्रत्येक आईजवळ आहे. कमी वजनाच्या बालकाला उघड्या छातीशीं, त्वचेला त्वचा लावून धरावें. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा शहरीं १९७८ सालीं डॉक्टरांनीं ही पद्धत प्रथम रीतसर सुरू केली, आणि आज ती सर्व जगांत मान्य आहे. जगांतलें पहिलें उबदार अंथरूण म्हणजे आईची छाती. त्यापुढें सारीं यंत्रें दुय्यम होत.

अंथरूण कितीहि चांगलें असलें तरी तेथपर्यंत जाण्याची वाट गोड असावी लागते. २००९ सालीं अमेरिकेंत सुमारें चारशें मातांकडून करविलेल्या प्रयोगांत रोज ठरल्या क्रमानें स्नान, अंगाला तेल किंवा मलम चोळणें, आणि मग शांत गाणें अगर लाडीगोडी, एवढेंच केलें. दोन आठवड्यांत मुलें लवकर निजूं लागलीं व रात्रीं कमी वेळां उठूं लागलीं. आयांचेंहि मन प्रसन्न झालें, हें विशेष. क्रम कोणताहि असो, तो रोजचा असावा. निजण्यापूर्वीं तासभर दूरचित्रवाणी व मोबाईल बंद करावा, आणि दिवे मंद करावे. कारण प्रखर प्रकाशानें, विशेषतः निळसर प्रकाशानें, झोंप आणणारें मेलाटोनिन नांवाचें द्रव्य शरीरांत तयार होण्याचें लांबतें, आणि मुलांचे डोळे या बाबतींत मोठ्यांपेक्षां अधिक हळवे असतात. मोबाईल हातांत देऊन मूल गप्प होतें. पण गप्प होणें म्हणजे निजणें नव्हे.

दोन गोष्टी मात्र अंथरुणाजवळ येऊंच देऊं नयेत. पहिली भीति. ‘नीज, नाहींतर बागुलबोवा येईल’ असें आपण सहज म्हणतों. ज्या अंधारांत मुलाला आठ-दहा तास काढावयाचे आहेत, त्याच अंधारांत आपण आपल्या हातांनीं एक राक्षस नेऊन बसवितों, आणि मग निर्धास्त नीज म्हणून त्याला सांगतों. शिक्षा म्हणूनहि मुलाला कधीं अंथरुणावर धाडूं नये. जें ठिकाण शिक्षेचें झालें, तेथें विश्रांति मिळत नाहीं. दुसरी गोष्ट लाज. पांच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारें पंधरा मुलें अंथरूण ओलें करतात. तो आळस नव्हे आणि खोडीहि नव्हे. शरीराची एक शक्ति पक्व व्हावयाची राहिलेली असते, आणि बहुतेकांत ती आपोआप येते. गादीवर मेणकापड घालावें, त्यावर सुती चादर घालावी, उशाशीं एक कोरडी चड्डी ठेवावी, आणि कांहीं न बोलतां रात्रीं बदलावी. पाहुण्यांपुढें त्याचा उच्चार करूं नये. ज्या मुलाला रोज सकाळीं आपल्या अंथरुणाची लाज वाटते, त्याला रात्रीं त्याच अंथरुणावर ऊब कशी वाटावी?

शेवटीं एका मुलाची गोष्ट सांगून हा विषय पुरा करतों. आमच्या भागांतील अनेक आदिवासी मुलें सहाव्या-सातव्या वर्षींच घर सोडून आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहावयास जातात. माझ्या ओळखीच्या एका मुलाला त्याच्या आजीनें निघतांना पत्र्याच्या पेटींत आपल्या दोन जुन्या लुगड्यांची गोधडी घालून दिली. बापाला तें आवडलें नाहीं. तिकडे सरकारी चादर मिळते, ही जुनी गोधडी कशाला, लोक हंसतील, असें त्याचें म्हणणें. आजी म्हणाली, चादर थंडीसाठीं आहे, गोधडी त्याच्यासाठीं आहे. पुढें वर्षभरानें मुलगा सुटींत आला तेव्हां मीं त्याला सहज विचारलें, गोधडी वापरतोस कीं नाहीं? तो म्हणाला, उन्हाळ्यांतसुद्धां उशाशीं घेतों. त्याच्या वर्गांतलीं दोन मुलें पहिल्या महिन्यांतच शाळा सोडून पळून घरीं गेलीं होतीं. हा टिकून राहिला होता. तो केवळ गोधडीमुळें टिकला असें मी म्हणणार नाहीं. पण वसतिगृह चालविणाऱ्यांनीं, आणि शहरांतील ज्या पालकांचीं मुलें दूर शिकावयास राहतात त्यांनींहि, या आजीचें वाक्य मनांत ठेवावें. चाळीस सारख्या चादरींच्या रांगेंत एक तरी कापड मुलाचें स्वतःचें असूं द्यावें, आणि त्या चाळीस मुलांना जमिनीवर न निजवितां खाट व मच्छरदाणी मिळते कीं नाहीं, हें पालक म्हणून, गांवकरी म्हणून आपण जाऊन पाहावें, विचारावें. ती मागणी चैनीची नव्हे.

श्रोतेहो, यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाहीं. गादीला ऊन, पायांना कोमट पाणी, खाटेखालची स्वच्छ जागा, खोंचलेली मच्छरदाणी, मंद दिवा आणि ओळखीचा आवाज, एवढेंच भांडवल. आज रात्रीं मुलें निजलीं म्हणजे क्षणभर त्यांच्याजवळ थांबा. पांघरुणाचें टोंक जमिनीला लागलें आहे काय, तान्ह्याचें तोंड मोकळें आहे काय, मानेला घाम आहे काय, एवढें हातानें चांचपून पाहा, आणि मग आपणहि निजा.